परिचर्या नीतिशास्त्रातील संशोधनाचा कल आणि आपल्या वॉर्डातले प्रश्न: प्रबंधासाठी मार्गदर्शन हवे

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार. शासकीय रुग्णालयात आठ वर्षे अधिपरिचारिका म्हणून काम केल्यानंतर मी सध्या एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी परिचर्या नीतिशास्त्र हा विषय मी स्वतःहून मागून घेतला. मार्गदर्शक मॅडमनी असे सुचवले की, या क्षेत्रातले संशोधन गेल्या वीस-तीस वर्षांत कोणत्या दिशेने गेले ते आधी पाहावे, सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांची यादी काढावी आणि त्यातूनच एखादी मान्यता पावलेली मापनश्रेणी निवडून ती आपल्याकडच्या परिचारिकांना भरायला द्यावी. त्याप्रमाणे मी स्कोपस या संशोधन-लेखांच्या माहितीसंग्रहावरून लेखांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि व्हीओएसव्ह्यूअर या मोफत प्रणालीत घालून कीवर्डांचा नकाशा तयार केला. मधोमध सर्वांत मोठे वर्तुळ 'मॉरल डिस्ट्रेस'चे, म्हणजे योग्य ते करता न आल्याने होणाऱ्या त्रासाचे आले. त्याच्याभोवती नैतिक संवेदनशीलता, नैतिक धैर्य, अतिदक्षता विभाग, बर्नआउट, नोकरी सोडण्याचा विचार, आणि अलीकडच्या वर्षांच्या रंगात कोविड.

नकाशा हाती आल्यावर काम सोपे व्हायला हवे होते. पण ज्या रात्रीमुळे मी हा विषय मागितला, ती रात्र मला त्या नकाशात कुठेच सापडत नाही. मेडिसिन वॉर्डात आम्ही दोघी ड्युटीवर होतो आणि रुग्ण साठाच्या वर, त्यातले काही जमिनीवरच्या गाद्यांवर. अकराच्या सुमारास एका वृद्ध बाईंचा मुलगा आला आणि डामा, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेण्याची सुटी, मागू लागला. बाहेरून आणायच्या इंजेक्शनांचे पैसे संपले होते आणि गावाकडे जाणारी गाडी तेवढ्यापुरती मिळाली होती. डॉक्टरांनी त्याला समजावले, केसपेपरवर शेरा लिहिला आणि ते दुसऱ्या वॉर्डात निघून गेले. सही मी घेतली, ऑक्सिजन मी बंद केला, हातातले इंट्राकॅथही (सलाइनची सुई-नळी) मीच काढले. कापूस दाबून धरला असताना बाईंनी विचारले, "सिस्टर, बरी झाले का गं मी?"

मी त्यांना काहीच उत्तर दिले नाही. त्यांना थांबवणे योग्य होते की जाऊ देणे योग्य होते, हे मला तेव्हा कळत नव्हते आणि आजही कळत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. असा नकाशा वाचायचा कसा? जे जास्त उद्धृत होते ते जास्त महत्त्वाचे, असे मानणे कितपत योग्य आहे? आणि परदेशात तयार झालेली मापनश्रेणी आपल्या वॉर्डात वापरली, तर जे मोजायचे तेच मोजले जाईल का?

---

संदर्भकक्ष

रात्रपाळीताई, मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो आणि अशा प्रकारचे नकाशे विद्यार्थ्यांसोबत नेहमी काढतो, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

सर्वप्रथम तुमची शोधसंज्ञा तपासा. परिचर्येच्या बहुसंख्य लेखांच्या सारांशात 'नैतिक समितीची मान्यता घेतली' अशा अर्थाचे एक वाक्य असते, आणि 'नर्सिंग एथिक्स' या नियतकालिकाच्या सारांशात तर 'नैतिक विचार' असे एक स्वतंत्र उपशीर्षकच असते. त्यामुळे सारांशात 'एथिकल' हा शब्द शोधला, तर मधुमेहाच्या रुग्णांच्या पायांची काळजी या विषयावरचा लेखही तुमच्या संचात येऊन बसतो, जरी त्यात नीतिशास्त्राची एक ओळही नसली तरी. शोध शीर्षक आणि लेखकांनी दिलेले कीवर्ड एवढ्यापुरता ठेवा, आणि त्यातून आलेल्या नोंदींपैकी शंभर-दोनशे तरी स्वतः डोळ्यांखालून घाला. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु नकाशाची विश्वासार्हता याच कामावर उभी असते.

दुसरे असे की, 'सर्वाधिक उद्धृत लेख' आणि 'सर्वाधिक प्रभावी विचार' या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि तुमच्या विषयात तर त्या फारच वेगळ्या निघतात. 'मॉरल डिस्ट्रेस' ही संज्ञा अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली एका पुस्तकात मांडली. तुम्ही नियतकालिकांतले लेख उतरवून घेतले असतील, तर ते पुस्तक तुमच्या यादीत येणारच नाही, मात्र त्या लेखांच्या संदर्भसूचींमध्ये ते जागोजागी दिसेल. कॅरल गिलिगन यांचे १९८२ चे, नेल नॉडिंग्ज यांचे १९८४ चे आणि जोन ट्रॉन्टो यांचे १९९३ चे लेखन, ज्यांच्यावर 'काळजीचे नीतिशास्त्र' उभे आहे, तेही पुस्तकरूपातच आहे. म्हणून केवळ कीवर्डांच्या नकाशावर थांबू नका. सह-उद्धरणाचा नकाशाही काढा. दोन जुनी लेखने तिसऱ्या एखाद्या लेखाच्या संदर्भसूचीत एकत्र किती वेळा येतात, हे त्यात मोजतात. हेन्री स्मॉल यांनी ही पद्धत १९७३ साली मांडली. कीवर्डांचा नकाशा आज लोक काय बोलत आहेत ते दाखवतो, आणि सह-उद्धरणाचा नकाशा ते कोणाच्या खांद्यावर उभे राहून बोलत आहेत ते दाखवतो.

नियतकालिकांचा दर्जा सांगण्यासाठी वापरतात त्या इम्पॅक्ट फॅक्टरविषयी थोडे. एखाद्या नियतकालिकात मागील दोन वर्षांत आलेल्या लेखांना चालू वर्षात मिळालेली उद्धरणे, भागिले त्या दोन वर्षांतील लेखसंख्या, असे हे सरळ गणित आहे. ज्या क्षेत्रात चाळीस वर्षांपूर्वीच्या व्याख्येवर आजही वाद चालू आहे, तेथे दोन वर्षांची ही खिडकी फारच अरुंद पडते. एका संशोधकाचे किंवा एका लेखाचे मूल्य या आकड्यावरून ठरवू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्रात स्पष्ट म्हटले आहे. प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात त्याचा उल्लेख अवश्य करा.

आणखी एक अडचण परिचर्येत विशेष जाणवते. लेखिकांच्या याद्या करताना लग्नापूर्वीचे नाव, लग्नानंतरचे नाव, कधी आडनाव आधी तर कधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, अशी एकाच व्यक्तीची दोन-तीन नावे होतात आणि तिची उद्धरणे त्यांत विभागली जातात. ज्या व्यवसायात बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्याच्या प्रभावाची मोजणी यामुळे कमी भरते. नावे हाताने जुळवा, आणि स्वतःसाठी आजच ऑर्किड क्रमांक, म्हणजे नाव बदलले तरी न बदलणारा संशोधकाचा ओळख क्रमांक, काढून ठेवा.

देशांचा विचार केला, तर सुरुवातीला अमेरिका आणि ब्रिटन, त्यानंतर बेल्जियममधील लुवेन व फिनलंडमधील तुर्कू यांसारखी युरोपातील विद्यापीठे, आणि गेल्या दोन दशकांत इराण, तुर्कस्तान व चीन यांची वाढती संख्या, असे चित्र तुम्हालाही दिसले असेल. भारताचे वर्तुळ लहान दिसते, याचे एक कारण असे की आपल्याकडची बरीचशी परिचर्या नियतकालिके वेब ऑफ सायन्स या उद्धरणांच्या माहितीसंग्रहाच्या मुख्य भागात येत नाहीत आणि प्रबंध तर कपाटांतच राहतात. शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध पाहा. मुंबईहून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' पाहा. १९९३ साली सुरू झालेल्या या नियतकालिकाचे लेख सर्वांना मोफत वाचता येतात. तुमचे महाविद्यालय शासकीय असेल, तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून कोणती परदेशी नियतकालिके उघडतात, हे तुमच्या ग्रंथपालांना विचारा. २०२५ च्या जानेवारीपासून ती सोय आहे आणि अनेक विद्यार्थिनींना तिची माहितीच नसते.

---

माजी परिसेविका

बाळ, तुझा प्रश्न वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. बत्तीस वर्षे वॉर्ड सांभाळला, नंतर काही वर्षे शिकवले. संगणकावरच्या नकाशाविषयी मी काही सांगू शकणार नाही, ते वरच्या सरांनी उत्तम सांगितले आहे. मी या विषयाची वाट जशी चालत आले, तशी सांगते.

आमच्या शिक्षिकांच्या पिढीला नीतिशास्त्र म्हणजे वागणूक शिकवली जाई. इझाबेल हॅम्पटन रॉब यांचे 'नर्सिंग एथिक्स' हे पुस्तक १९०० सालचे. त्या परंपरेत शिस्त, नीटनेटकेपणा, गुप्तता आणि डॉक्टरांच्या आदेशाचे पालन यांना मोठे स्थान होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने पहिली आचारसंहिता १९५३ साली स्वीकारली. पण खरा बदल १९७३ च्या संहितेत झाला. परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना परिचर्येची गरज आहे त्या माणसांप्रती आहे, असे त्या वर्षी लिहिले गेले. वाचताना साधे वाटते, परंतु परिचारिका नेमकी कोणाला बांधील, याचे उत्तर त्या एका वाक्याने बदलले. पुढचे सगळे संशोधन याच वाक्यातून निघाले, असे माझे मत आहे, कारण जबाबदारी रुग्णाप्रती आणि अधिकार मात्र दुसऱ्याच्या हाती, ही ओढाताण तेथून कागदावर आली.

त्याच वर्षी, २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. ती हकिकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मी ती पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते पुढच्या बेचाळीस वर्षांविषयी. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांनी, एक तुकडी निवृत्त झाली की दुसरीने, त्यांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात, इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नाही, याची नोंद आहे. ज्या परिचारिकेने दर दोन तासांनी पाठ वळवण्याची ड्युटी केली आहे, तिला त्या एका नोंदीमागे किती हातांचे किती कष्ट आहेत ते कळेल. त्यांच्या वतीने निर्णय घेणारी निकटची व्यक्ती म्हणून न्यायालयाने त्यांच्या दयामरणासाठी याचिका करणाऱ्या लेखिकेला नव्हे, तर केईएमच्या कर्मचाऱ्यांना मानले, ते याच सेवेच्या बळावर.

वर्गात मात्र हा खटला दयामरणाचा कायदा म्हणून शिकवला जातो. २०११ चा निकाल, मग घटनापीठाचा ९ मार्च २०१८ चा निकाल, मग जानेवारी २०२३ मधली सुधारणा, अशा तारखा पाठ करून घेतात. मी विद्यार्थिनींना नेहमी एक गोष्ट दाखवत असे. उपचार थांबवावेत की नाही हे ठरवण्यासाठी २०२३ च्या सुधारित पद्धतीत दोन वैद्यकीय मंडळे आहेत. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. परिचारिकेची जागा कोणत्याच मंडळात नाही. ज्यांच्या बेचाळीस वर्षांच्या सेवेतून या देशाला हा प्रश्न विचारता आला, त्यांच्यापैकी कोणालाही त्या टेबलाशी खुर्ची मिळालेली नाही. उद्धरणांचा नकाशा काढताना हेही मनात असू दे. प्रभाव नेहमी संदर्भसूचीतच उमटतो असे नाही.

तुझ्या त्या बाईंच्या बाबतीत तू गप्प राहिलीस, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नकोस. तो प्रश्न लिहून ठेवलास, हे फार चांगले केलेस.

---

रात्रपाळी

संदर्भकक्ष सर, शोधसंज्ञा तुम्ही सांगितल्याप्रमाणे बदलून पाहिली. लेखांची संख्या निम्म्याहून कमी झाली, आणि 'गुणवत्ता' व 'रुग्णसमाधान' ही दोन मोठी वर्तुळे नकाशातून नाहीशीच झाली. म्हणजे ती माझ्या विषयाची नव्हतीच.

मॅडम, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले. एक शंका मात्र वाढली आहे. जेमटन यांची व्याख्या मी मुळातून पाहिली. योग्य काय ते माणसाला ठाऊक असते, परंतु संस्थेच्या अडथळ्यांमुळे ते करता येत नाही, तेव्हा 'मॉरल डिस्ट्रेस' होतो, असा तिचा आशय आहे. मला तर योग्य काय हेच ठाऊक नव्हते. मग माझा त्रास या संज्ञेत बसतो की नाही?

---

शोधयात्री

मी परिचर्या महाविद्यालयात शिकवतो आणि माझे पीएच.डी.चे काम याच संकल्पनेवर आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण माझ्या दृष्टीने ती तुमच्या प्रबंधाचा गाभा आहे.

तुम्हाला पडलेली शंका या क्षेत्रातल्या मोठ्या वादाच्या अगदी मध्यावर आहे. २०१५ साली मेगन-जेन जॉन्स्टन आणि अ‍ॅलिसन हचिन्सन यांनी 'नर्सिंग एथिक्स'मध्ये असा प्रश्न उभा केला की, ही संकल्पनाच सदोष असेल तर ती सोडून का देऊ नये? परिचारिकेला जे योग्य वाटते ते योग्यच असते, हे गृहीतच का धरायचे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. दुसऱ्या बाजूने काही अभ्यासकांनी व्याख्या रुंद केली आणि जेथे योग्य काय याविषयी अनिश्चितता आहे, किंवा दोन्ही मार्ग वाईटच आहेत, तेथील त्रासही तिच्यात घेतला. त्या रुंद व्याख्येत तुमची रात्र बसते, मूळच्या अरुंद व्याख्येत बसत नाही. प्रबंधात तुम्ही कोणती व्याख्या धरता आणि का, हे पहिल्याच प्रकरणात लिहा. हा निर्णय टाळून थेट मापनश्रेणीकडे जाणारे प्रबंध मी खूप पाहिले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळवता येत नाहीत, कारण प्रत्येकाने वेगळेच काही मोजलेले असते.

आता मापनश्रेणी. मेरी कॉर्ली आणि सहकाऱ्यांची २००१ ची श्रेणी ३२ विधानांची होती, २०१२ ची सुधारित श्रेणी २१ विधानांची, आणि २०१९ ची त्यापुढची श्रेणी २७ विधानांची आहे. नंतरच्या दोन्हींमध्ये प्रत्येक प्रसंग किती वेळा घडतो आणि किती त्रास देतो, यांना ० ते ४ असे गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. म्हणून २७ विधानांच्या श्रेणीत कमाल गुण ४३२ होतात. हे काम अमेरिकेत, मुख्यतः अतिदक्षता विभागांच्या अनुभवातून वाढले, आणि विधानांवर त्याची छाया आहे. तेथील नमुनेदार प्रसंग असा की, उपचारांचा उपयोग नाही हे परिचारिकेला दिसते, पण कुटुंबाच्या आग्रहाखातर कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवला जातो. म्हणजे त्रास अति उपचारांचा. तुमच्या वॉर्डातला प्रसंग नेमका उलट आहे. उपयोग होण्यासारखे उपचार पैशाअभावी सुटतात, आणि ते थांबवण्याचे काम परिचारिकेच्या हातून होते.

२०१९ च्या श्रेणीत अपुरे मनुष्यबळ आणि झेपणार नाहीत इतके रुग्ण यांचा समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु तेथील 'झेपणार नाहीत इतके' आणि आपले 'झेपणार नाहीत इतके' यांत किती अंतर आहे पाहा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. तुम्ही दोघी होतात आणि रुग्ण साठाच्या वर. त्या स्थितीत नळीवाटे भरवणे, कूस बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे नातेवाईक करतात, आणि ज्याचे नातेवाईक नाहीत त्याचे राहून जाते. बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ पासून 'राहून गेलेली परिचर्या' या नावाने जे संशोधन उभे केले, ते मला आपल्या परिस्थितीला 'मॉरल डिस्ट्रेस'पेक्षा अधिक जवळचे वाटते. कोणाचे आधी करायचे आणि कोणाचे राहू द्यायचे, हा निवाडा परिचारिका दर पाळीत करते, आणि त्याला नीतिशास्त्र म्हणायचे असते हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून माझी सूचना अशी. उद्धरणांचा नकाशा ठेवा, परंतु त्याला प्रबंधाचे एक प्रकरण एवढेच स्थान द्या. श्रेणी थेट भरून घेण्याऐवजी आधी दहा-बारा परिचारिकांच्या सविस्तर मुलाखती मराठीत घ्या, आणि त्यांच्या तोंडून आलेले प्रसंग त्या २७ विधानांशेजारी मांडून पाहा. जे प्रसंग श्रेणीत नाहीत, ते तुमच्या प्रबंधाची खरी कमाई. श्रेणी पुढे वापरायची झालीच, तर मूळ कर्त्यांची परवानगी घ्या, मराठी भाषांतराचे उलट भाषांतर दुसऱ्याच व्यक्तीकडून करून घ्या, आणि 'मॉरल डिस्ट्रेस'साठी 'नैतिक ताण' हा शब्द घाईने पक्का करू नका. 'ताण' म्हटले की आपल्याकडे लगेच कामाचा ताण समोर येतो, आणि उत्तरे ड्युटीच्या तासांविषयी मिळतात.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अधिकारश्रेणीत खाली असलेले कर्मचारी आणि विद्यार्थी हे असुरक्षित गटांत मोडतात. प्रश्नावली परिसेविकांच्या किंवा अधिसेविकांच्या हातून वाटू नका, मुलाखती वॉर्डात घेऊ नका, आणि डामाचा प्रसंग सांगताना तारीख, खाट क्रमांक किंवा आजाराचे नाव नोंदवहीत उतरवू नका. नैतिक समितीपुढे जाताना, मुलाखतीत कोणी रडू लागले तर तुम्ही काय कराल, हेही लिहून द्या. समिती ते विचारते.

---

माजी परिसेविका

शब्दाविषयी सर बोलले ते अगदी खरे. आमच्या वॉर्डात 'नैतिक' हा शब्द कोणीच वापरत नसे. "जीव घुसमटला," असे म्हणत. 'घुसमट' हा शब्द मुलाखतीत वापरून पाहा, आणि त्याच्यापुढे कोणतेही विशेषण लावू नकोस. "कोणत्या वेळी घुसमट झाली?" एवढेच विचार आणि थांब.

आणि वेळ नीट निवड. सकाळच्या हँडओव्हरनंतर रात्रपाळी संपलेल्या मुलीला अडवू नकोस. तिला लोकल किंवा एसटी गाठायची असते आणि घरी डबे व्हायचे असतात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी, तिच्या सोयीच्या ठिकाणी जा. पहिल्या दोन मुलाखती झाल्या की मला कळव, मी वाचून देईन.

---

रात्रपाळी

मार्गदर्शक मॅडमशी आज बोलणे झाले. नकाशाचे प्रकरण आधी पूर्ण करण्याच्या अटीवर त्यांनी मुलाखतींना होकार दिला आहे, मात्र संख्या दहावरून आठवर आणायला सांगितली आहे. व्याख्या रुंद धरणार आहे आणि त्याची कारणे देणार आहे. मराठी शब्द म्हणून तूर्त 'घुसमट' लिहिला आहे. नैतिक समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. अर्जात त्या रात्रीचा प्रसंग घालावा की नाही याचा विचार करत होते. तो घातलेला नाही, कारण त्या बाईंची परवानगी मी घेतलेली नाही आणि आता ती घेता येण्यासारखी नाही.